अठरा कोपरं आणि एक हातोडी

खानदेशात जाऊन आले असं म्हटलं की कोल्हापुरातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. भरीत खाल्लं का, आणि ऊन किती होतं? भरीत खाल्लं नाही. ऊन होतं. हे दोन्ही विषय संपले, आता मी कशासाठी गेले होते ते सांगते, कारण ते विचारायचं कुणाला सुचत नाही.

माझ्याकडे एक जुनी पेडल स्टील गिटार आहे. गिटार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते विसरा. ही गळ्यात अडकवून उड्या मारायची वस्तू नव्हे. ही चार पायांवर आडवी उभी असते, इस्त्रीच्या टेबलासारखी, आणि वर दहा तारा. वाजवणाऱ्यानं खुर्चीवर बसायचं. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, ती तारांवरून सरकवायची. खाली तीन पेडलं, ती पायानं दाबायची, आणि टेबलाखाली चार दांडे, ते गुडघ्यांनी ढकलायचे. पेडल दाबलं की गिटारच्या पोटाखालचा एक आडवा दांडा फिरतो, त्यावर बसवलेली बोटाच्या पेराएवढी कोपरं आपल्या भोकांत अडकवलेल्या सळ्या ओढतात, सळी तार ताणते आणि सूर वर चढतो. अशी एकंदर अठरा कोपरं. म्हणजे हात, पाय, गुडघे सगळे एकदम चालवायचे आणि चेहरा मात्र देवळात बसल्यासारखा ठेवायचा. एकसष्टाव्या वर्षी माझ्या गुडघ्यांना हे अजिबात मान्य नाही, पण त्यांना विचारतंय कोण.

गिटार माझ्या गुरूंची, डिसोझा सरांची. सरांनी उमेदीचा काळ मुंबईत रेकॉर्डिंगांना वाजवण्यात घालवला आणि उतारवयात ते कोल्हापूरला येऊन राहिले. टेलिफोन ऑफिसातली नोकरी सांभाळून मी तीस वर्षं त्यांच्याकडे शिकले. आम्ही शिकवणीला जायचो तेव्हा सर पुष्कळदा गिटारच्या पोटाखाली उताणे पडलेले असायचे. आम्हाला वाटायचं, तेल घालतात.

सरांची एक मींड होती. दुसरं पेडल दाबलं की दोन तारा चढतात. इतरांच्या वाजवण्यात त्या जोडीनं चढतात, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारख्या. सरांची पहिली तार आधी निघायची, दुसरी किंचित मागून, आणि शेवटी दोघी एका जागी येऊन टेकायच्या. ती सरांच्या पायाची करामत आहे, असं सगळे मानत. दोन वर्षांपूर्वी सर गेले, गिटार माझ्या नावानं ठेवून गेले, आणि ती घरी आली त्याच दिवशी ती मींड माझ्या पायातून निघाली. मी ढसाढसा रडले. मग पुढची दोन वर्षं भेटेल त्याला सांगत सुटले, की साधना वाया जात नाही, सरांचा पाय माझ्यात उतरला. दूधवाल्यालासुद्धा सांगितलं.

आणि सरांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या कार्यक्रमाला बारा दिवस उरलेले असताना त्याच पेडलाचं एक कोपर खाटकन तुटलं. कार्यक्रमात माझं एकटीचं वादन होतं, आणि लोक येणार होते ती मींड ऐकायला.

कोल्हापुरात लेथ मशीनची काय कमी? आमच्याकडे गल्लीगल्लीत माणसं लोखंडाला वळण लावत असतात. पहिल्यानं मला ॲल्युमिनियमचं कोपर करून दिलं, ते दुसऱ्या दिवशी चपातीसारखं वाकलं. दुसरा म्हणाला, "मावशी, ट्रॅक्टरचं काही असेल तर सांगा." जुन्या वाद्यांच्या शौकिनांचा एक गट माझ्या मोबाइलवर आहे, तिथं विचारलं, तर चाळीस जणांनी कळवलं की मूळ भागांना हात लावू नका, वाद्याचा आत्मा जाईल. या चाळीसांतल्या एकालाही सलग दोन ओळी वाजवता येत नाहीत. वाद्य कपाटात ठेवायचं, फडक्यानं पुसायचं आणि फोटो टाकायचे, एवढीच यांची संगीतसेवा.

शेवटी शेजारच्या शिंदेकाकू म्हणाल्या, माझा भाऊ भुसावळकडे एका दारूगोळ्याच्या कारखान्यात होता, तिथले सुकलाल नाना म्हणजे फिटर नव्हे, जादूगार. फोन लावला. नाना म्हणाले, "या ताई, मी घरीच असतो." मी गिटारची तीस किलोची पेटी बांधली आणि निघाले.

भुसावळ, वरणगाव

भुसावळला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि उन्हाला दुपारचे बारा. मार्च नुकता लागला होता. आमच्याकडे मार्चात लोक अजून थंडी गेली की नाही यावर वाद घालतात. इथं वाद मिटलेला होता.

गाव म्हणजे रेल्वे. रेल्वेची घरं, रेल्वेची शाळा, रेल्वेचा दवाखाना, आणि सगळ्यांच्या बोलण्यात अमुक गाडी इतकी लेट. हमालानं पेटी उचलली आणि विचारलं, "आत इंजिन आहे का?" रिक्षावाल्यानं विचारलं, शिलाई मशीन आहे का. लॉजच्या मॅनेजरनं ती उघडून दाखवायला लावली, बराच वेळ पाहिली आणि रजिस्टरात 'टेबल, एक' असं लिहिलं. तीस वर्षं वाजवणारी मी, टेबल घेऊन गावोगाव फिरणारी बाई म्हणून त्या लॉजच्या दफ्तरी नोंदले गेले.

दुपारी जेवायला शेवभाजी मिळाली. फरसाणातली शेव लालभडक रश्श्यात बुडवायची आणि तिला भाजी म्हणायचं, याला धाडस लागतं. आमच्याकडे रश्श्यात काहीतरी पिकवलेलं किंवा पाळलेलं असतं. वेटरला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, "मावशी, भरीत खायला हिवाळ्यात यायचं होतं." मी भरिताबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. शेवभाजी मात्र मी दुसऱ्यांदा मागवली, हे शिंदेकाकूंना अजून सांगितलेलं नाही.

तिथून वरणगावला पेटीसकट गेले. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पोती बांधून ठेवलेले घड, हिरवं इतकं गर्द की उसाच्या जिल्ह्यातली असूनही मान वळवून बघावंसं वाटलं. शिंदेकाकूंनी दिलेल्या पत्त्यावर एका बाईनं दार उघडलं. "सुकलाल नाना? ते तर रिटायर होऊन गावी गेले. एरंडोलकडे. नऊ-दहा वर्षं झाली."

फोनवर नाना 'घरीच असतो' म्हणाले होते. कुठल्या घरी, हे मी विचारलं नव्हतं. एरंडोल जळगावच्याही पलीकडे, म्हणजे मी ज्या दिशेनं आले त्याच दिशेला परत. शिंदेकाकूंना मी रस्त्यातूनच फोन करून जे बोलले ते इथं लिहीत नाही, कारण त्या हे वाचणार आहेत.

एरंडोलजवळचं गाव

गावाचं नाव सांगणार नाही. नानांनी बजावून ठेवलंय. नाव छापलं तर ते चाळीस शौकीन त्यांच्या ओट्यावर येऊन बसतील.

दुसऱ्या दिवशी टेम्पो करून पोचले. केळी संपली होती आणि कापूस वेचून उरलेल्या करड्या पळकाट्या दूरवर उभ्या होत्या. नाना ओट्यावर बसले होते. सत्तरीचे, सडपातळ, पांढरा लेंगा-सदरा, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी मोजपट्टी. पेटी उघडल्यावर त्यांनी गिटारला दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "हाई काय शे? शिलाई मशीन शे का?"

या प्रश्नाला किती जणांना उत्तर द्यायचं?

"बठा, बहीन, बठा. पहिले पानी प्या," त्यांच्या बायकोनं, लीलाअक्कांनी, मला हाताला धरून आत नेलं. "त्यासले लोखंड दिसनं का मानूस दिसत नही."

घरात एक खोली नानांची होती. भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या रंगवलेल्या, पक्कडीच्या जागी पक्कड, कानशीच्या जागी कानस. आमच्या कोल्हापुरातला कारागीर हत्यार शोधण्यात अर्धा दिवस घालवतो आणि उरलेला अर्धा चहात. इथं सगळं देवघरासारखं मांडलेलं. माझ्याशी बोलताना नाना कारखान्यातली मराठी बोलत, आणि कामात गुंगले की आपल्या भाषेत घसरत. गिटार उलटी करून त्यांनी पोटाखाली दिवा धरला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदरानं पाहिलं. तो आदर अर्थात माझ्यासाठी नव्हता.

"हे ज्यानं बनवलं तो माणूस होता," ते म्हणाले. मग जीभ टाळूला लावून आवाज केला. "पण नंतर लई हाल झाले. झीज शे. धूळ शे. कोणी कानस मारलीय वेडीवाकडी."

"वयानं झालं असेल," मी म्हटलं. हे माझं वाक्य लक्षात ठेवा.

जेवायला ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, ठेचा आणि उडदाची डाळ. भाकरी काळी आणि जाड, आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे पैलवानासारखी. अक्का वाढत होत्या आणि मी नको म्हणेपर्यंत थांबत नव्हत्या, आणि नको म्हटल्यावरही थांबत नव्हत्या. "भरीत खावानं व्हतं ते हिवायामा येवानं व्हतं," त्या म्हणाल्या. मी हात जोडले.

नानांनी ठरवून टाकलं, की मी इथं बसून उपयोग नाही. "तुम्ही उद्या पद्मालय करून या. जवळ आहे. सांजपर्यंत मशीन तयार." मला ते सोयीचं वाटलं. गुडघे दुखत होते आणि यंत्राच्या पोटात काय चालतं याच्याशी मला कधीच कर्तव्य नव्हतं. आपण वाजवणारे. पोटाखालचं काम फिटरचं, असं माझं मत होतं.

पद्मालय

जंगलातून रस्ता, रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारे डांबराचे तुकडे. पण पोचल्यावर तळं दिसतं आणि तोंड बंद होतं. पाण्यावर कमळाची पानं, मधूनमधून फुलं, काठावर दगडी देऊळ. एकाच गाभाऱ्यात दोन गणपती शेजारी शेजारी, एकाची सोंड उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे. दर्शनाला आलेली एक बाई मुलाला दम देत होती, की दोघांनाही नमस्कार कर, एकाला केला आणि दुसऱ्याला नाही असं चालत नाही. मीही दोघांना केला. एका गणपतीला मींड मागितली आणि दुसऱ्याला गुडघे. कोणाकडे काय मागितलं ते आता आठवत नाही, त्यामुळे पुढचा घोटाळा कुणाच्या खात्यावर टाकावा हेही कळत नाही.

ऊन उतरायच्या आत परतले. नाना ओट्यावर माझी वाटच पाहत उभे होते आणि त्यांचा चेहरा मुलगी पहिली आलेल्या बापासारखा फुलला होता.

"बठ्ठा नग नवा. अठराना अठरा. एकसारखा," ते म्हणाले.

मला नीट कळलं नाही. मी एक कोपर करायला दिलं होतं. पण गिटार उभी होती, चकाचक, पेडल लोण्यासारखं खाली जात होतं, आधीची ती कुरकुर नाही, हिसका नाही. मी बसले, नख्या चढवल्या, कांडी धरली, दुसरं पेडल दाबलं.

दोन्ही तारा जोडीनं चढल्या.

वाटलं, उन्हातून आल्यानं पाय जड झालाय. पुन्हा दाबलं. हळू दाबलं, तिरकं दाबलं, टाचेनं दाबलं, चपला काढून दाबलं. दहा-बारा वेळा. प्रत्येक वेळी दोघी हातात हात घालून वर. स्वच्छ, सुरेल आणि मेलेलं.

"नाना, तुम्ही काय केलंत?"

त्यांना तो कौतुकाचा प्रश्न वाटला. त्यांनी सविस्तर सांगितलं. एकच कोपर नवं केलं असतं तर ते बाकीच्या सतरांशी जुळलं नसतं. म्हणून भावाच्या पोराला एरंडोलला पाठवून पितळ आणवलं आणि पहाटेपासून बसून सगळी अठरा एका मापात केली. "जुन्या नगांची भोकं झिजून गेली होती. त्यातलं एक, दुसऱ्या पेडलाचं, तर लांबट झालेलं, आंब्याच्या कोयीसारखं. सळी अर्धा वेळ नुसती मोकळीच फिरायची. पेडल दाबलं तरी तार उशिरा ओढली जायची. आता बघा, एक बाल बी फरक नही."

मी खुर्चीवरच बसून राहिले. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती आणि मला ती बसायला नको होती. लांबट भोक. मोकळी फिरणारी सळी. उशिरा निघणारी तार. पोटाखाली उताणे पडलेले सर आणि त्यांच्या बनियनवर पडलेला धातूचा चुरा, जो आम्ही कित्येकदा पाहिला आणि त्याबद्दल कुणीही विचारलं नाही. मींड सरांच्या पायात नव्हतीच. ती त्यांनी कानशीनं घासून एका भोकात ठेवली होती. आणि माझ्या पायात तर काय, काहीच उतरलेलं नव्हतं. कुणीही, अगदी भुसावळचा तो लॉजवाला जरी त्या पेडलावर उभा राहिला असता, तरी तीच मींड निघाली असती. दोन वर्षं मी दूधवाल्याला जे सांगत होते ते आठवून कानशिलं तापली. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी दुसऱ्यावर ओरडते.

"जुनी कोपरं कुठायत?"

"ते काय, डबामा."

डबा उघडला. आत सतरा चपटे तुकडे होते. वेलदोडे कुटावेत तशी ती कोपरं कुटलेली.

"हे कुणी केलं?"

"मी," नाना म्हणाले, आणि आपण काही चूक केली असेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "बाद नग जित्ता ठेवाना नही, ताई. छत्तीस वर्षं हेच केलं. तपासणी खात्यात माप चुकलेला ठरला की तो नग त्याच दिवशी हातोडीनं मोडायचा. नाहीतर तो गुपचूप चांगल्या मालात जाऊन बसतो, आणि मग कुणाचा जीव जातो ते सांगता येत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी जे बोलले त्यातलं छापण्यासारखं एवढंच: "नाना, तुम्ही पद्मालयाला जात जाऊ नका. दोन सोंडा दोन बाजूंना बघून एक दिवस हातोडी घेऊन गाभाऱ्यात शिराल आणि एकीला मापात आणाल!"

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला एकच विचारलं, "तुम्हीन इचारं व्हतं का तिले?"

नानांनी मान हलवली. मग अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "आनि तुम्हीन सांगं व्हतं का त्यासले?"

मीही मान हलवली. काय सांगणार होते? मला माहीतच नव्हतं. 'वयानं झालं असेल' असं मीच तर म्हटलं होतं. अक्कांनी चहा ठेवला.

तिथंच, चौथा दिवस

सकाळी नानांनी एक कोपर, एक बारीक गोल कानस आणि एक लाकडी ठोकळा माझ्यापुढे ठेवला.

"किती उशीर पाहिजे?" त्यांनी विचारलं. "माप सांगा, करून देतो."

माप मी कुठून आणू? मोबाइलवर सरांचं एक वादन होतं, ते ऐकवलं. नानांनी तीनदा ऐकलं आणि प्रामाणिकपणे कबूल केलं, की त्यांना दोन्ही तारा सारख्याच वाटतात. केसाच्या जाडीचा फरक बोटानं ओळखणारा माणूस, पण कान म्हणजे नुसती चष्मा अडकवायची खुंटी.

"मग मला नाही जमणार," ते म्हणाले. "घासा तुम्हीच. कानस कशी धरायची ते दाखवतो."

मी गिटार वाजवणारी आहे, लोहार नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण सरांचा बनियन आठवला आणि मिटलं. नानांनी माझी मूठ सोडवून बोटं बसवली. "जोर नको. पुढे जाताना कापायचं, मागे येताना उचलायचं." तीस वर्षांत सरांनी कांडी कशी धरायची यावर मला जेवढं झापलं नव्हतं तेवढं नानांनी पहिल्या दहा मिनिटांत कानशीवरून झापलं. मी घासायचं, नाना ते कोपर गिटारच्या पोटात बसवणार, मी खुर्चीवर चढून पेडल दाबणार, ऐकणार, आणि पुन्हा खाली. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी मला जे शाप दिले असतील ते पद्मालयाच्या दोन्ही गणपतींनी ऐकले असतील.

पहिलं कोपर मी जास्त घासलं. दुसरी तार इतकी मागे राहिली, की पहिली पोचून जेवून झोपली असती. हे कोपर बाजूला ठेवू, पुढच्यासाठी अंदाज येईल, असं म्हणेपर्यंत ठाण्ण आवाज आला. नानांनी ते चपटं करून डब्यात टाकलंसुद्धा.

"अहो, अंदाजासाठी हवं होतं ते!"

"सवय शे," नाना ओशाळून म्हणाले, आणि त्यांनी निमूटपणे दुसरं करायला घेतलं. ते कमी घासलं गेलं, मग घाईत जास्त. ठाण्ण. तिसऱ्या वेळी मी "थांबा!" म्हणून किंचाळले, तरी ठाण्ण. शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचण्याआधी हात काम उरकत होता. माझ्या अंगठ्याला फोड आला, बोटं काळी झाली, साडीवर पितळेचा चुरा पडला. तो मी झटकला नाही.

चौथं कोपर मी डोळे मिटून घासलं. चार हात मारायचे, थांबायचं. नानांनी ते बसवलं. मी पेडल दाबलं. पहिली निघाली. दुसरी थांबली, मग निघाली, आणि दोघी जाऊन एका जागी टेकल्या.

अक्का दारात गहू निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात सुपातच राहिला. "आते कसं," त्या म्हणाल्या, "एक पुढे चालनी, दुसरी लाजीसन मांगे राहिनी."

मी मोबाइलवर सरांचं वादन लावलं, मग पुन्हा स्वतः वाजवलं. सरांची नव्हती ती. सरांच्यापेक्षा दुसरी तार थोडी जास्त मागे राहत होती, कारण माझा गुडघा हळू चालतो आणि मी घासलं तेही त्याच गुडघ्याच्या मापानं. आणखी एक कोपर करून बघू, असं नाना म्हणाले. मी नको म्हटलं. मला ही आवडली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या गिटारमधून मी केलेली एक गोष्ट वाजत होती आणि मला इतका आनंद झाला, की मी अक्कांच्या सुपातले गहू निवडायला बसले. मला गहू निवडता येत नाहीत. अक्कांनी सूप काढून घेतलं.

तेवढ्यात नानांनी कोपराचे कंगोरे मारायला म्हणून ते पुन्हा काढलं. कंगोरे मारले. मग खिशातून त्यांनी मापाची कांडी काढली. दोन टोकांची ती पोलादी कांडी असते, एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं की नग बाद. नानांनी पहिलं टोक घातलं, गेलं. दुसरं घातलं. तेही आरपार गेलं.

त्यांचा उजवा हात हातोडीकडे निघाला.

"नाना!" मी आणि अक्का एकदम ओरडलो.

हात हवेत थांबला. नानांनी आपल्याच हाताकडे पाहिलं, दुसऱ्याचा असावा तसं. मग कोपर हळूच माझ्या तळहातावर ठेवलं. भिंतीवर रंगवलेल्या आकृतीवरून हातोडी उचलली आणि दांडा माझ्याकडे करून पुढे धरली.

"हाई तुम्ही लई जा. मना हात ऐकस नही."

"अहो, पण तुमची हातोडी..."

"सळ्या लावून होईपर्यंत तुम्ही अजून इथं आहात," ते म्हणाले. "धोका शे."

हातोडी मी घेतली. गिटार पेटीत जाईपर्यंत ती हातातून सोडली नाही.

कोल्हापूर

कार्यक्रम झाला. मोबाइलवरचे ते चाळीस शौकीन पहिल्या दोन रांगांत होते. मी ती मींड घेतली तेव्हा त्यांनी माना डोलावल्या, डोळे पुसले, आणि नंतर एकेकानं जवळ येऊन सांगितलं, "हुबेहूब सर! सरांचा पाय तुमच्यात उतरलाय." एकजण तर म्हणाला, मूळ भाग जपल्याशिवाय असा आवाज येतच नाही. मी हसून घेतलं. गिटारच्या पोटात अठराच्या अठरा कोपरं खानदेशी पितळेची, त्यातलं एक माझ्या हातचं, आणि हे मला आत्म्याबद्दल सांगतायत.

घरी येऊन नानांना फोन लावला.

"चालस का नग?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"चालतो. नाना, सगळे म्हणाले, अगदी हुबेहूब सर."

नानांनी पुन्हा विचारलं, "एकले बी समजनं नही?"

"एकालाही नाही."

"मंग तुमनाकडलं तपासणी खातं काही कामनं नही," नाना म्हणाले. "हातोडी जपीसन ठेवा."